लाकडी जमिनीवरची हाक

९ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

काल दूध तापवताना वर साय धरली आणि मला शाळेच्या वसतिगृहातली जेवणाची खोली आठवली. लांबच लांब बाक, पांढरे एनॅमलचे मग, कडा उडालेले. सिस्टरचा नियम होता, हात टेबलावर, हातवारे बंद, धाकटीने बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघायचं. पण त्यांची पाठ वळली की टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर तुझी करंगळी यायची. एकदा ओढली म्हणजे साय आहे. मग मी गुपचूप मगांची अदलाबदल करायची आणि तू शहाण्या मुलीसारखी दूध संपवायचीस. रोज सकाळी हेच. त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणून इतकी वर्षं कुणाला सांगितलंही नाही.

एवढं लिहून मघाशी पेन खाली ठेवलं होतं. मोबाइलवर दोन ओळी पाठवून हे सांगता येणार नाही, म्हणून लिहितेच. आपल्या ठकूला ऐकू येत नाही.

नात दीड वर्षाची होत आली. जन्मल्यावर कानाची तपासणी झाली, ती नीट आली नव्हती, पुन्हा आणा म्हणाले होते. सूनबाई न्यायला निघाली होती. मीच म्हटलं, कशाला त्या एवढ्याशा जिवाला छळता, माझ्या हाकेला वळते की. आणि खरंच वळायची गं. मी स्वयंपाकघराच्या दारातून 'ठकू' म्हटलं की खेळणं टाकून मागे बघायची, हसायची. आईने हाक मारली की मात्र ढिम्म. मला त्याचं केवढं कौतुक. एकदा माझ्या मैत्रिणींसमोर सूनबाईला म्हणाले, "बालवाडीत जन्म गेला माझा. मुलाला हाक मारायचीसुद्धा एक पद्धत असते, ती शिक आधी." आता तो प्रसंग आठवला की मी भांडी घासायला घेते.

मागच्या महिन्यात इस्पितळात नेलं. छोटी खोली, जाड गालिचा, भिंतींना फोम. मला मागे बसवलं. मी हाक मारली. ठकू ठोकळे रचत राहिली. पुन्हा मारली. शेवटी ओरडलेच असेन, कारण काचेपलीकडची मुलगी दचकली. ठकूने मात्र वर बघितलं नाही.

डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला जन्मतः बहिरेपण? मुलाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, माझ्या बहिणीचे कान तापाने गेले. "मग ते वेगळं," म्हणाले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. सूनबाई सातव्या महिन्यात जिन्यावरून घसरली होती. तिने ते आपण होऊन सांगितलं. 'त्याने असं होत नाही सहसा,' असं डॉक्टर म्हणाले, पण तिने 'सहसा' तेवढं घरी आणलं. जिन्यावर आता तिने पायरीपायरीला रबर ठोकून घेतलंय.

कानामागे कातडीखाली बसवायचं एक यंत्र असतं. त्याला अजून काही महिने आहेत, नंबर लागायचाय. तोवर आपल्यासारख्या खुणा कराव्यात का, असं मी मुलाला विचारून पाहिलं. तो म्हणाला, "आई, मावशीचं वेगळं. ती आधी ऐकत होती, डोक्यात काहीतरी शिरलं होतं. हिला हात हलवायची सवय लागली तर यंत्र बसवून उपयोग काय?"

आणि एक सांगते, तुलाच सांगते. बागेत नेताना मी तिला कानटोपी घालते. मागून कुणी लाडाने हाक मारली आणि ती वळली नाही, तर टोपीमुळे ऐकलं नाही असं म्हणता येतं. इथे आता थंडी राहिलेली नाही.

तुझा तो मेंदूचा अभ्यास कुठवर आला?

तुझी ताई


२४ फेब्रुवारी

ताई,

टोपी काढ.

पत्र दोनदा वाचलं. दातांचे साचे वाळायला ठेवले होते, ते तडकले. एका म्हाताऱ्याला त्याची कवळी दोन दिवस उशिरा मिळेल, त्याचं पाप तुझ्या माथी. दुसऱ्यांना बोलता यावं म्हणून मी जन्मभर दात करत आलेय, यावर आमच्या लॅबमध्ये रोज कुणीतरी विनोद करतं. मी न ऐकल्यासारखं करते. मला ते जमतं.

आता एक विचारते. तुझ्या नव्या घराची जमीन लाकडी आहे ना? फोटोत तशी दिसते. ताई, हाक मारताना तू टाच आपटतेस. माझ्यासाठी वसतिगृहात सुरू केलंस, फळ्यांतून माझ्या पायांना कळावं म्हणून. पुढे बालवाडीतही करायचीस. मी एकदा तुझा वर्ग बघायला आले होते, तेव्हा मला हसू आवरेना. ऐकणाऱ्या एवढ्या पोरांसमोर ताई आपली टाच आपटतेय. तुला ते माहीतच नव्हतं. मी सांगितलं नाही, मला ते फार आवडलं होतं. इस्पितळात गालिचा होता म्हणतेस.

म्हणजे ठकू तुझ्या हाकेला वळायची हे खरंच आहे. फक्त ती हाक तोंडातून जात नव्हती.

अभ्यासाचं सांगते. विद्यापीठातल्या ज्या बाई हा अभ्यास करतात त्यांना मी चष्मेवाली म्हणते, कारण एक चष्मा डोळ्यावर आणि दुसरा डोक्यावर असतो. मला एका यंत्राच्या बोगद्यात झोपवतात. बाकीचे लोक म्हणे त्याच्या खडखडाटाने हैराण होतात. मी एकदा झोपी गेले. आत पडद्यावर कुणीतरी खुणांच्या भाषेत गोष्ट सांगतं आणि माझ्या मेंदूत काय चाललंय त्याचं चित्र निघतं. मेंदूत ऐकण्यासाठी म्हणून जी जागा असते, ती माझी रिकामी नाही गं. हात बघून तिथे काम चालतं. भाषेची जी जागा, डाव्या बाजूची, ती तर तुझ्यासारखीच चालते.

चष्मेवालीने मला लिहून समजावलं. बाळाच्या मेंदूत पहिल्या काही वर्षांत जोडण्या भराभर होतात आणि ज्या वापरल्या जात नाहीत त्या गळून जातात. भाषा कानातून आली की डोळ्यांतून, त्याला चालतं. वेळेवर यायला हवी. यंत्र बसवायचं तर जरूर बसवा, पण ते बसून, सुरू होऊन, ठकूला त्यातून अर्थ लागेपर्यंत मधला काळ कोराच ठेवायचा का? हाताची भाषा आली म्हणून तोंडाची पळून जाते असं त्यांना तरी कुठे दिसलेलं नाही.

मग तिने मला विचारलं, "तुम्ही खुणांची भाषा अठराव्या वर्षी शिकलात, तरी इतकी चांगली कशी? लहानपणी कुणीतरी तुमच्याशी बोलत होतं. कोण?"

मी लिहिलं, ताई.

आता शेवटचं. रक्तही तपासलं होतं. माझं बहिरेपण जन्मापासूनचं आहे म्हणाले. आईवडील दोघांकडून येतं, त्यांना स्वतःला काही होत नाही. मी म्हटलं, चूक झाली असेल, मला दुसऱ्या वर्षी ताप आला होता. त्यांनी पुन्हा तपासलं. तेच आलं.

ताई, ताप आला होता ना?

धाकटी


८ मार्च

प्रिय धाकटे,

पत्र मिळालं. इथे सगळे ठीक. गुडघा जरा दुखतोय.

टाचेचं तू म्हणतेस तसं असेलही. मी लक्ष ठेवलं नाही.

ताप आला होता गं. मी लहान होते, पण चांगलं आठवतं. कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवायला मलाच बसवलं होतं आईने. आता ही यंत्रंबिंत्रं काय म्हणतात ते आपल्याला कसं कळणार? इतक्या वर्षांनी खोदून तरी काय करायचंय? आई गेली, बाबा गेले.

सूनबाईला बरं नसतं. जेवत नाही नीट. तिच्या आईचा फोन येतो, तिकडून काहीतरी बोलत असणार, नंतर ही न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसते. मी ठकूला सांभाळते. आजकाल तिला हाक मारत नाही, समोर जाऊन उभी राहते.

तब्येतीला जप.

तुझी ताई


२० मार्च

ताई,

पट्ट्यांचं आठवतं म्हणालीस. बरं.

माझ्याजवळ एक आवाज आहे, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. तापाच्या आधीचा. दार लोटल्यावर होतो तसा, किंवा बाबा खोकायचे तसा, मला नीट सांगता येणार नाही. एकटी असले की मी तो काढून बघायचे. आपल्यालाही एकदा ऐकू आलं होतं, असं. चष्मेवालीच्या त्या रक्ताच्या अहवालानंतर मी तो टाकून द्यायचा प्रयत्न करतेय. जात नाही. माझा नव्हताच, तरी जात नाही.

मी तुझ्यावर रागावलेले नाही. मला ताप हवा होता, एवढंच.

पण तुझी सून रोज त्या जिन्यावरून उतरते.

धाकटी


२ मे

प्रिय धाकटे,

पट्ट्या नव्हत्या. ताप नव्हता.

तू पाळण्यात होतीस. आईच्या हातून मोठ्या पातेल्याचं झाकण फरशीवर पडलं, ते गरगर फिरत राहिलं, केवढा आवाज. मी कानावर हात ठेवले. तू झोपलेलीच. आईने झाकण उचललं, माझ्याकडे बघितलं आणि मुद्दाम पुन्हा टाकलं. तू झोपलेलीच. ती भिंतीला टेकून खाली बसली. पुढे एकदा नुसती सर्दी झाली तुला, तेवढं निमित्त झालं. 'ताप आला होता म्हणायचं,' आई म्हणाली, 'नाहीतर तुझंही लग्न व्हायचं नाही.' मी म्हणत गेले. म्हणून म्हणून मला पट्ट्यासुद्धा दिसायला लागल्या. तुला तुझा आवाज ऐकू येतो ना, तशा.

तुझं मार्चचं पत्र मी उशीच्या खोळीत ठेवलं होतं. उत्तर लिहायला बसायची आणि उठायची. आधी घरात बोलल्याशिवाय तुला लिहायचं तोंड नव्हतं.

रविवारी बोलले. मुलगा पेपर वाचत होता, सूनबाई ठकूला भरवत होती. मी म्हटलं, दोघंही माझ्याकडे बघा. झोपायच्या खोलीतला गालिचा आणून ठकूच्या मागे टाकला, त्यावर उभी राहिले आणि हाक मारली. ठकूने मान वळवली नाही. मग गालिचा बाजूला केला, तोंड मिटून ठेवलं आणि टाच आपटली. ठकू वळली आणि सगळं तोंड भरून हसली. घास बाहेर आला.

"हे काय चाललंय?" मुलगा म्हणाला.

"माझ्या हाकेला वळायची ती ही," मी म्हटलं. "वर्षभर मी तुम्हाला सांगत होते की तिला ऐकू येतं."

सूनबाईने चमचा वाटीत ठेवला. "म्हणजे मी हाक मारायचे तेव्हा," एवढं म्हणाली आणि थांबली.

मग झाकणाचं सांगितलं. मुलाला आधी समजलंच नाही. "पण मावशीला तर ताप," असं दोनदा म्हणाला. मी म्हटलं, मावशी जन्मापासून ठकूसारखी आहे, आणि हे आपल्या घरातून आलंय, थोडं सूनबाईच्या घरातूनही आलेलं असेल, दोन्हीकडून आल्याशिवाय होत नाही, पण जिन्यातून आलेलं नाही. इस्पितळात मला हे सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही.

तो उठून गॅलरीत गेला. परत आला तो रागावलेला. "मग मावशी विचार कशात करते?" त्याने मला विचारलं, भांडल्यासारखं. "जन्मभर लोकांचे दात केले, मला परीक्षेच्या वेळी आठ-आठ पानांची पत्रं लिहिली. एक शब्द ऐकलेला नसताना कशात करते विचार?" मी टेबलावर त्याच्या हातापाशी करंगळी ओढून दाखवली आणि म्हटलं, ह्याच्यापासून सुरू केलं होतं तिने. मग तुझं फेब्रुवारीचं पत्र त्याच्यापुढे ठेवलं. चष्मेवालीचा भाग त्याने उभ्याउभ्या वाचला, मग बसून वाचला.

सूनबाई माझ्याशी बुधवारपर्यंत बोलली नाही. मीही जवळ गेले नाही. बुधवारी सकाळी ठोकाठोकीचा आवाज आला म्हणून बघितलं, तर पक्कड घेऊन जिन्याची रबरं उपटत होती. मी खालच्या पायरीवर उभी राहिले. वर न बघता म्हणाली, "तुमच्या मैत्रिणींना मी हाक मारायला शिकत नाही असं सांगितलं होतंत. त्यांनाही हे सांगा."

"सांगते," मी म्हटलं.

सांगितलं. चौघींना, चहाला बोलावून. त्यातली एक म्हणाली, जाऊ दे गं, मुद्दाम थोडंच केलंस तू. टोपी त्याच दिवशी बोहारणीला द्यावी असं वाटलं, पण ती मी ठेवलीय. बघितली की लाज वाटते, म्हणून ठेवलीय.

काल रात्री जेवताना सूनबाईने विचारलं, "मावशींना इथे यायला किती वेळ लागतो?" मुलगा ताटात बघत म्हणाला, "सुट्टी मिळाली पाहिजे तिला." नाही म्हणाला नाही.

यायचं की नाही ते तू ठरव. मी तुझ्याकडे मागायच्या लायकीची राहिलेली नाही. माझ्यासाठी येऊ नकोस.

तुझी ताई


१६ मे

ताई,

जूनच्या पहिल्या आठवड्यात येते. दातांना सांगितलंय, थांबा जरा.

तुझ्यासाठी येऊ नको म्हणतेस. बरं, ठकूसाठी येते, तुझ्याकडे फक्त राहते. रागावले होते, ते आता लिहिते, कारण गेलाय. पातेल्याचं झाकण वाचून मी लॅबमधलं एक झाकण घेतलं आणि फरशीवर टाकलं. पायांना कळलं. सगळे धावत आले. त्यांना वाटलं म्हातारी पडली.

पाळण्यातली ती पोर मला डोळ्यांसमोर दिसते. झोपलीय बिचारी, तिला काहीसुद्धा झालेलं नाही. ज्यांना ऐकू येत होतं त्या दोघींनाच काय व्हायचं ते झालं. आई तुला 'म्हणायचं' म्हणाली तेव्हा तू सात वर्षांची होतीस. ते तिथेच सोडू. सूनबाईच्या बाबतीत मात्र तू मोठी होतीस. त्याचं तुला काय वाटायचं ते वाटू दे, मी पुसून देणार नाही.

तुमच्या गावातल्या बहिऱ्यांच्या मंडळाला लिहिलंय. त्यांच्याकडे एक तरुण शिक्षिका आहे, स्वतः बहिरी, ती आठवड्यातून दोनदा घरी येईल. खरी भाषा ती शिकवेल, ठकूला आणि तुम्हा तिघांनाही. आपल्या दोघींच्या खुणा म्हणजे घरगुती भांडीकुंडी, भाषा नव्हे. पण ती वाया जाऊ नयेत असं मला वाटतं. मी येईपर्यंत तू वाटून टाक. कुणाला काय ते लिहिते.

मुलाला 'थांब' दे, तळहात छातीशी धरून. तो घाईचा आहे, दुसऱ्यासाठी शिकेल आणि स्वतःला उपयोगी पडेल. त्याने विचारलं ना, मावशी विचार कशात करते, तर त्याला सांग, बहुतेक वेळा ताईच्या हातांत करते. चष्मेवालीने माझ्या मेंदूचं चित्र छापून दिलंय, तेही त्याला. त्याला पुरावा लागतो. भिंतीवर लावू नको म्हणावं, मी त्यात फार चांगली दिसत नाही.

सूनबाईला 'आई' द्यायची. कानाची पाळी दोन बोटांत धरून, आपली आई डूल चाचपायची तशी. आई गेल्यापासून ती खूण मी कुणासाठी केलेली नाही. तिने ठकूसमोर ती रोज करावी, ठकू एक दिवस तिला परत करेल. आणि 'पुन्हा'. तळहातावर बोटाचं पेर आपटून. पोरांना तोच शब्द सगळ्यात आधी लागतो. तोही तिलाच दे, हाक मारायच्या पद्धतीच्या बदल्यात.

सायीची करंगळी ठकूला. तिला साय आवडत असली तरी.

टोपी मला. मी आले की माझ्या बॅगेत घाल. मी ती घालून बागेत जाईन, मला शोभेल.

ताप कुणाला देऊ नकोस. माझा तो आवाज मात्र मी ठेवते आहे, विचारून ठेवते आहे. खोटा असला तरी मीच केलाय.

आणि टाच तुझी. ती टाकू नकोस, समोर जाऊन उभी वगैरे राहू नकोस. दारातून आपट, पूर्वीसारखी, जोरात. ठकू वळेल. ती वळली की मात्र तोंडाने काही म्हणू नकोस, हात वर कर.

धाकटी